बँकेची नोटीस हातात आहे, आता वकील कोणता करू?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. नवऱ्याने गावात कृषी केंद्र टाकायला राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज घेतलं. दुकान आणि राहतं घर, दोन्ही गहाण. ताई स्वतः जामीनदार. शिवाय तीन एकर वावरावर त्याच बँकेचं पीक कर्ज आहे. दोन हंगाम उधारी बुडाली, हप्ते थकले आणि बँकेची 60 दिवसांची नोटीस आली. मागणी 14 लाखांची आहे आणि नोटिशीच्या तारखेला 37 दिवस होऊन गेलेत. दीर म्हणतात, तालुक्याला आपल्या ओळखीचे वकील आहेत, त्यांनाच देऊन टाकू. एक माणूस फोनवर सांगतो, 40 हजार द्या, नागपूरहून सगळं थांबवून देतो. कोणाकडे जाऊ, खर्च किती येईल आणि आपण फसत नाही हे कसं ओळखू, असं ताई विचारतात.

ताई, तुमच्या हातात आज 23 दिवस आहेत. नोटीस मिळाली त्या दिवसापासून मोजायचं की नोटिशीवरच्या तारखेपासून, या वादात पडू नका. कागदावरच्या तारखेपासून मोजा. हिशेब चुकला तरी मग तो आपल्या फायद्याचा चुकेल.

मी 25 वर्षं वकिली करतोय. पहिली दहा वर्षं तालुका कोर्टात गेली, त्यानंतर नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, ज्याला सगळे डीआरटी म्हणतात, तिथे काम वाढलं. घर गेलेली बरीच माणसं मी जवळून पाहिली. त्यांच्यातल्या कित्येकांची बाजू चांगली होती, पण ते भलत्याच कोर्टात उभे होते, नाहीतर बरोबर कोर्टात उशिरा आले. म्हणून वकील कोण, हा प्रश्न दुसरा. हातातला कागद कोणत्या कायद्याचा आणि कोणत्या दाराचा, हा पहिला. दार कळलं की त्या दारात रोज जाणारा वकील शोधणं फार अवघड नाही.

नोटीस पुन्हा काढा आणि वरच्या भागात कायद्याचं नाव वाचा. तुम्ही 60 दिवस सांगता त्यावरून ती सरफेसी कायदा, 2002 च्या कलम 13(2) ची असणार. या कायद्याने बँकेला कोर्टात दावा न टाकता गहाण मालमत्तेचा ताबा घेऊन लिलाव करता येतो. आणि कलम 34 प्रमाणे या विषयात दिवाणी कोर्टाला मनाई हुकूम देता येत नाही. ही गोष्ट गावातल्या माणसाला कोणी सांगत नाही आणि दुर्दैवाने कधीकधी त्याचा वकीलही सांगत नाही.

पुसदकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. किराणा दुकान आणि वर राहायची माडी, दोन्ही गहाण. युरियाच्या रिकाम्या पिशवीत कागद गुंडाळून आणले होते. पिशवी टेबलावर उलटी केली तर तीन पाकिटं बाहेर पडली आणि तिन्हींवर पोस्टमनचा शेरा, ‘घेण्यास नकार’. मला म्हणाले, ‘‘साहेब, मी तं नोटीस घेतलीच नाही ना, मंग ते मला लागू कशी होईन?’’ लागू होते, ताई. पाकीट परत पाठवलं तरी कायद्याच्या नजरेत नोटीस पोचलीच. त्यांच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटली तेव्हा ते धावत तालुक्याला गेले. तिथल्या वकिलांनी दिवाणी दावा टाकला आणि मनाई हुकूम मागितला. बँकेने कलम 34 दाखवलं. चार पेशी झाल्या, दावा निघाला. तोपर्यंत डीआरटीत जायची 45 दिवसांची मुदत सरली होती. त्या वकिलांनी जाणूनबुजून काही वाईट केलं नाही. जमिनीच्या वाटणीत आणि बांधाच्या भांडणात ते निष्णात होते. हे काम त्यांचं नव्हतं, एवढंच. शेवटी त्या गृहस्थांनी एक एकर विकून लिलावाची जाहिरात निघण्याआधी सगळी बाकी भरली आणि घर वाचवलं. एकर मात्र गेला.

आता दारं किती आहेत ते सांगतो, कारण तुमच्याच घरात दोन प्रकारची कर्जं आहेत आणि तुमच्यासारखे बरेच असतात.

घर आणि दुकान यांच्या कर्जासाठी दार नागपूरच्या डीआरटीचं. वावराची गोष्ट वेगळी. सरफेसी कायद्याच्या कलम 31 मध्येच लिहिलं आहे की शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागत नाही. तुमच्या तीन एकरांवर बँक या नोटिशीने हात टाकू शकत नाही. नोटिशीच्या शेवटी मालमत्तेचं परिशिष्ट असतं, त्यात वावराचा गट नंबर घातला असेल तर तो पहिला आक्षेप. पण सातबाऱ्यावर शेती लिहिलं म्हणून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं की जमीन खरोखर कसली जाते हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवायची जबाबदारी कर्जदाराची. म्हणून पीक पेरा लागलेला सातबारा, कापूस किंवा सोयाबीन विकल्याच्या बाजार समितीच्या पट्ट्या, विहिरीचं वीजबिल, हे जमवून ठेवा. जिनिंग किंवा गोदामासाठी जमीन अकृषक करून घेतलेल्यांना ही ढाल मिळत नाही.

पीक कर्जासाठी बँक वसुली करणार असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात दावा टाकेल, कारण डीआरटीत बँकेला स्वतःचा दावा 20 लाखांच्या वरचाच टाकता येतो. तसं समन्स आलं तर दिरांच्या ओळखीचे वकीलच तुम्हाला बरे. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, साधारण 30 दिवसांत द्यायची असते, हे तेवढं लक्षात ठेवा.

ज्यांचं कर्ज पतसंस्थेचं आहे त्यांनी मात्र हा भाग नीट वाचावा, कारण आपल्याकडे यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात. पतसंस्था म्हणजे बँक नाही. तिला सरफेसी वापरता येत नाही, पण तिच्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 101 आहे. ती सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे वसुली दाखला मागते. निबंधकाची नोटीस येते, एक-दोन तारखा लागतात, माणूस जात नाही, दाखला निघतो. मग नियम 107 खाली वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करतो, आणि इथे शेतजमिनीला सूट नाही, वावरही लिलावात निघतं. दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, मागता येतं, पण त्याआधी वसुलीच्या रकमेपैकी निम्मी रक्कम भरावी लागते. तेवढे पैसे असते तर माणूस थकला कशाला असता? म्हणून लढाई निबंधकासमोर, पहिल्या तारखेलाच लढायची. व्याजाचा दर करारापेक्षा जास्त लावला का, भरलेले हप्ते खात्यात आले का, जामीनदाराची सही खरी आहे का, हे तिथेच मांडायचं. या कामाला सहकार खात्यात येणं-जाणं असलेला वकील लागतो. तो बहुतेक तालुक्यातच मिळतो, नागपूरला जायची गरज नाही.

सहकारी बँक दोन्ही रस्त्यांनी येऊ शकते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचं ठरवलं. खासगी फायनान्स कंपनी असेल तर तिला 20 लाखांच्या खालच्या कर्जाला सरफेसी वापरता येत नाही. गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. आणि गावातल्या सावकाराने कर्जापोटी वावराची खरेदीच करून घेतली असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्यात जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून जमीन परत मागता येते. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेली खरेदी आहे म्हणजे सगळं संपलं, असं समजून बरेच जण गप्प बसतात. बसू नका.

परत तुमच्या कागदाकडे येतो. या 23 दिवसांत वकिलाने काय करायचं हे तुम्हाला माहीत असलं, की समोर बसलेला माणूस कामाचा आहे की नाही ते तुम्हीच ओळखाल. पहिलं काम, कलम 13(3ए) खाली बँकेला लेखी आक्षेप. खात्याचा उतारा मागायचा, चुका दाखवायच्या, फेडीचा काही प्रस्ताव असेल तर तो मांडायचा. बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. हा अर्ज शाखेत हातोहात देऊन पोचपावती घ्या आणि नोटिशीवर सही असलेल्या अधिकाऱ्याला स्पीड पोस्टानेही पाठवा. या टप्प्यावर डीआरटीत जाता येत नाही. ‘उद्याच स्टे आणतो’ असं कोणी आत्ता म्हणत असेल तर त्याला कायदा माहीत नाही, नाहीतर तुम्हाला खरं सांगायचं नाही.

याच काळात घर सासूच्या किंवा मुलाच्या नावावर करायचा सल्ला कोणीतरी देईलच. करू नका. नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय गहाण मालमत्ता विकता, भाड्याने देता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि असा कागद डीआरटीत दाखवला की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. घर मुळात सासऱ्यांच्या नावाचं असेल, त्यात सासूचा किंवा नणंदेचा हिस्सा असेल आणि गहाणखतावर त्यांची सही नसेल, तर तो मुद्दा खरा आहे. तो वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

60 दिवस संपले की बँक कलम 13(4) खाली ताब्याची नोटीस दारावर लावते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक मराठी. तो कागदी ताबा असतो, घरात माणसं राहतातच. पण डीआरटीचं दार त्या दिवशी उघडतं आणि 45 दिवसांनी बंद होतं. कलम 17 चा अर्ज त्यात गेला पाहिजे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम 14 चा अर्ज करते. तिथे कर्जदाराला सहसा बोलावत नाहीत. आदेश झाला की तहसील कार्यालयातून माणसं आणि ठाण्यातून पोलीस येतात. लिलावाआधी साधारणपणे 30 दिवसांची जाहीर नोटीस लागते. आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. लिलावाची जाहिरात छापून येण्याच्या आधी सगळी बाकी खर्चासह भरली तर बँकेला थांबावंच लागतं. जाहिरात छापल्यानंतर हा हक्क उरत नाही. 2016 च्या दुरुस्तीपासून असं आहे आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एखादा प्लॉट किंवा सोनं विकून पैसे उभे करायचे असतील तर ते या तारखेच्या आत.

आता वकील शोधायचा कसा.

यवतमाळच्या बार रूममध्ये जा. दारव्ह्याच्याही चालेल. तिथे ‘चांगला वकील कोण’ असं विचारू नका. ‘डीआरटीत कर्जदाराकडून कोण उभं राहतं’ असं विचारा. एकच नाव दोन-तीन तोंडांतून आलं की त्यावर विचार करा. बँकेकडून उभे राहणारे बरेच मिळतील, कर्जदाराकडून नियमित काम करणारे मोजके असतात. नागपूरला नातेवाईक असेल तर त्याला अर्धा दिवस डीआरटीत बसायला सांगा. कोणाचं काम बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीवर, आहे, कोण स्वतः उभं राहून बोलतं आणि कोण ज्युनिअरला पाठवून पुढची तारीख घेतं, ते कायदा न शिकलेल्या माणसालाही दिसतं. डीआरटीच्या वेबसाइटवर रोजचा बोर्ड आणि आदेश असतात. तालुका आणि जिल्हा कोर्टांसाठी ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये वकिलाचं नाव टाकलं की त्यांची प्रकरणं दिसतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बसवा, तासाभराचं काम आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, खरी आहे का याची शंका असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. खरा वकील त्याचा राग मानत नाही.

पहिल्या भेटीत तुम्ही बोलायच्या आधी त्यांचं वागणं बघा. माझी स्वतःची एक खूण आहे. या कामातला माणूस तुमची कहाणी ऐकायच्या आधी पाकीट मागतो. नोटिशीची तारीख, पोस्टाचा शिक्का, मिळाल्याची तारीख बघतो आणि कागदाच्या कोपऱ्यात दिवस मोजतो. मग मंजुरीपत्र मागतो, गहाण कसं झालं ते विचारतो. जो हे काही न बघता फी सांगतो तिथून चहा पिऊन परत या.

एक प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा : ‘‘साहेब, तुम्ही या बँकेच्या पॅनलवर आहात का?’’ तालुक्याच्या गावात कर्ज देताना बँक स्थानिक वकिलाकडून मालमत्तेचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, घेते. तुमच्याच घराचा सर्च रिपोर्ट त्याच वकिलांनी दिलेला असण्याची शक्यता खरी आहे. माझ्यासमोर असं घडलं आहे. कर्जदाराच्या वकिलाने मालकी हक्कात दोष काढला आणि बँकेने त्याच वकिलाच्या सहीचा, मालकी निर्दोष असल्याचा जुना अहवाल काढून दिला. त्या बाईंची मान खाली गेली, चूक मात्र त्यांची नव्हती. बँकेसाठी ज्या व्यवहारात काम केलं त्याच व्यवहारात बँकेविरुद्ध उभं राहणं वकिलाला नियमानेही चालत नाही. विचारायला संकोच वाटला तर मंजुरीच्या कागदांत सर्च रिपोर्ट कोणाच्या सहीचा आहे ते बघा.

तालुक्याचा की नागपूरचा? तुमच्या कामात मी दोघांना एका वकीलपत्रावर घ्या म्हणेन. डीआरटीतला अर्ज लिहिणं, उभं राहणं, स्थगिती मागणं हे नागपूरच्या वकिलाचं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, फेरफार, गावठाणातल्या घराचे कागद आणि उद्या तहसीलमधून माणसं ताब्याला आली तर त्या दिवशी जागेवर हजर राहणं, हे दारव्ह्याच्या वकिलाचं. नागपूरचा वकील त्या दिवशी येऊ शकत नाही. दोघांची कामं आणि फी आधीच वेगवेगळी ठरवा, नाहीतर दोघंही समजतात की दुसरा बघतोय.

खर्चाचं बोलतो. कलम 17 च्या अर्जाची सरकारी फी ठरलेली आहे. कर्जदारासाठी 10 लाखांपर्यंत दर लाखाला 500 रुपये, 10 लाख झाले की 5,000 आणि वरच्या प्रत्येक लाखाला 250. तुमच्या 14 लाखांवर ती 6,000 रुपये होते. हा आकडा कोणी पाच-दहा पट सांगितला तर पावती मागा. वकिलाची फी माणसागणिक वेगळी. मी तिचा आकडा सांगणार नाही, पण ती टप्प्यांत बांधून घ्या. आक्षेपाच्या अर्जाचे किती, कलम 17 च्या अर्जाचे किती, अंतरिम स्थगितीच्या सुनावणीचे किती, पुढे दर पेशीला काही लागतं का, टायपिंग, झेरॉक्स आणि प्रवास त्यात आहे की वेगळा. एका कागदावर लिहून घ्या, दोघांची सही घ्या, पैसे खात्यावर द्या. ‘घर वाचलं तर इतके टक्के’ असा सौदा वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे.

सगळे पैसे फीत घालू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण आधी ऐकत नाही. डीआरटी स्थगिती देताना बहुतेक वेळा बाकीतली काही रक्कम ठरावीक दिवसांत भरायला सांगते. ती नाही भरली तर स्थगिती उठते. मंगळसूत्र मोडून वकिलाची पूर्ण फी दिली आणि न्यायाधिकरणाने भरायला सांगितलेली रक्कम उभी राहिली नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हातात एक लाख असेल तर त्यातला मोठा भाग भरण्यासाठी राखून ठेवा. एक रुपयाही न भरता सगळं थांबेल असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि ताई, तुम्ही स्त्री आहात म्हणून विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 खाली तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो. उत्पन्न किती हे तिथे विचारात घेत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही तसंच. तालुका कोर्टाच्या इमारतीत विधी सेवा समितीचं टेबल असतं, यवतमाळला जिल्हा प्राधिकरण आहे, फोनसाठी 15100. न्यायाधिकरणातल्या कामासाठीही ही मदत मागता येते, तसा स्पष्ट उल्लेख अर्जात करा. जामीनदार तुम्ही असल्याने अर्ज तुमच्या नावाने टाका. फक्त दिवस मोजून टाका. वकील नेमून मिळायला वेळ लागतो, म्हणून आज अर्ज आणि आक्षेपाचं पत्रही याच आठवड्यात.

फोनवरच्या माणसाला एकच विचारा, सनद क्रमांक काय आणि वकीलपत्रावर सही कोणाची. उत्तर येणार नाही. वकिलाला जाहिरात करून पक्षकार ओढायची परवानगीच नाही. ‘बँकेत सेटिंग आहे’ म्हणणाऱ्याकडून मी आजवर कोणाचं घर वाचलेलं पाहिलं नाही. तो कोऱ्या कागदावर किंवा रिकाम्या वकीलपत्रावर सही मागेल, देऊ नका. कोणालाच मूळ कागद देऊ नका, खऱ्या वकिलालाही झेरॉक्स पुरते. कोर्टाला मूळ लागतील तेव्हा स्वतः घेऊन जा.

एकरकमी तडजोडीबद्दल. ती मागा, जरूर मागा, जोडीला प्रत्यक्ष काही रक्कम भरून मागा. पण ती हक्काने मिळत नाही, देणं-न देणं बँकेच्या मर्जीवर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच सांगितलं आहे. शाखेतले साहेब चांगलं बोलतात, ‘वर पाठवलंय’ म्हणतात, आणि त्या बोलण्यात 45 दिवस निघून जातात. बोलणी चालू ठेवून अर्जही दाखल करणारा वकील हवा. लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस आली तर घाबरू नका, ते वॉरंट नव्हे. जा, आकडा घासाघीस करून कमी करा. पण सही करण्याआधी हप्ते झेपतील का ते घरी बसून मोजा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

कर्जमाफीची वाट बघू, असंही घरात कोणी म्हणत असेल. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत 2 लाखांपर्यंतचं पीक कर्ज आणि पुनर्गठित पीक कर्ज होतं. दुकानावरचं कर्ज त्यात बसत नव्हतं. पुढे काही जाहीर झालं तर ते वावराच्या खात्याला लागेल, या 14 लाखांना नाही.

वकिलाकडे जाताना काय न्यायचं : पाकिटासकट नोटीस, मंजुरीपत्र, खात्याचा उतारा, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, नमुना आठ आणि घर-दुकानाचे कागद, वावराचा सातबारा, आणि कर्ज घेताना बँकेत कोणी कुठे सही केली ते आठवून लिहिलेला एक कागद. नवऱ्यालाही सोबत न्या. सही त्यांची आहे, आणि बँकेत काय बोलणं झालं ते त्यांनाच माहीत. लाजेने घरात बसलेल्या माणसाला तयार करायला दोन दिवस लागतील, ते दोन दिवस 23 मध्ये धरून चला.

दिरांच्या ओळखीचे वकील नाराज होतील का, ही भीती तुमच्या प्रश्नात मला दिसली. त्यांच्याकडेच आधी जा. नोटीस समोर ठेवा आणि म्हणा, ‘‘साहेब, हे डीआरटीचं आहे असं कळलं. तुम्ही आमच्यासोबत राहा, पण नागपूरला कोण चांगलं ते तुम्हीच सांगा.’’ तालुक्याचा बहुतेक प्रामाणिक वकील याने सुटकेचा श्वास सोडतो आणि तिथेच फोन लावून देतो. माझ्याकडे येणारी निम्मी कामं अशाच फोनवरून येतात.